तुलनेत तिसरी आली म्हणून काय झालं? एमएक्स-५, जीआर८६, बीआरझेड आणि मासिकांचे गुणतक्ते

छप्परउघडा
परवा एका मोठ्या मासिकात तीन गाड्यांची तुलना आली, मझ्दा एमएक्स-५, टोयोटा जीआर८६ आणि सुबारू बीआरझेड, आणि आपली एमएक्स-५ तिसरी. म्हंजे शेवटची. मासिकाचं नाव मुद्दाम लिहीत नाही, त्यांच्याशी भांडायचं नाहीये, पण दोन दिवस ते डोक्यातनं जात नाहीये म्हणून हा धागा काढला. माझी २०१९ ची, दोन लिटरची, ७५०० आरपीएमवाली, घेतल्यापासून रोज चालवतोय, पावसातसुद्धा. त्यांचं म्हणणं काय, तर गाडी वळणात फार झुकते, पॉवर कमी, डिकी लहान, आणि मागे सीट नाही. दोन सीटच्या गाडीला मागे सीट नाही म्हणून गुण कापले! गुणतक्त्यात मागच्या सीटचा रकाना आहे आणि आमच्या नावापुढे शून्य. तो एक रकाना काढला तर गाडी दुसऱ्या नंबरवर येते, मी बेरीज करून बघितली, दोनदा.

झुकते हे खरंय, नाकारत नाही. पण त्या झुकण्यातूनच तर गाडी बोलते ना. वळणात शिरताना आधी अंग जरासं कलतं, मग बाहेरच्या पुढच्या चाकावर वजन बसतं, स्टिअरिंग हातात थोडंसं भरून येतं आणि तेव्हा कळतं की आता अ‍ॅक्सिलरेटर द्यायला हरकत नाही. हे सगळं साध्या वेगात होतं, त्यासाठी जिवावर उदार व्हावं लागत नाही. ही गोष्ट त्या अख्ख्या लेखात एका ओळीतही नाही.

तुम्हाला असं होतं का, की मीच मनाला लावून घेतोय?

बॉक्सरवाला
होतं रे मित्रा. माझ्याकडे जीआर८६ आहे, म्हणजे यावेळी माझी गाडी जिंकली, तरी सांगतो होतं. याआधी माझ्याकडे पहिल्या पिढीतली होती, २०१२ साली आलेली ती दोन लिटर, २०० एचपीवाली, आणि तेव्हा प्रत्येक तुलनेत एकच रडगाणं, की ३५०० ते ४५०० आरपीएमच्या मध्ये टॉर्क, म्हणजे इंजिनचा ओढायचा जोर, खाली बसतो. प्रत्येक मासिक. डायनोचा (इंजिनचा जोर मोजणाऱ्या यंत्राचा) आलेख छापायचे आणि त्यातल्या खड्ड्याला बाण दाखवायचे. मला इतका राग यायचा की मी मासिकं वाचणंच सोडलं होतं. पण राग बाजूला ठेवून बघितलं तर ते खरंच लिहीत होते, खड्डा होताच. दुसऱ्या पिढीत इंजिन २.४ लिटरचं झालं, २२८ एचपी, आणि तो खड्डा बुजला. आज मी जी गाडी मजेत चालवतोय तिच्यात त्या टीकेचाही वाटा आहे असं मी मानतो.

म्हणून म्हणतो, मागच्या सीटचा रकाना सोड, तो निव्वळ चुकीचा आहे, पण झुकण्याबद्दल जे लिहिलंय ते एवढ्यात झटकून टाकू नकोस.

व्हीटेक_नऊहजार
मागच्या सीटचे गुण कापले हे वाचून खरंच वाईट वाटलं. रोडस्टरला, म्हणजे उघड्या छपराच्या दोन सीटच्या गाडीला, मागे सीट नाही हा दोष कसा होऊ शकतो?

स्टॉपवॉच
सीट बाजूला ठेवा, मला त्यातल्या ताशी शून्य ते शंभर किलोमीटरच्या वेळेबद्दल बोलायचंय कारण सगळ्यात जास्त गैरसमज तिथेच होतात आणि मग लोक वर्षानुवर्षं ते आकडे एकमेकांच्या तोंडावर फेकत बसतात. अमेरिकन मासिकांचं घड्याळ गाडी हलली की लगेच सुरू होत नाही. ड्रॅग स्ट्रिपवर पुढचं चाक प्रकाशाच्या किरणात उभं असतं, चाक किरणाच्या बाहेर पडलं की घड्याळ सुरू, आणि तोवर गाडी साधारण एक फूट पुढे गेलेली असते. त्याला रोलआउट म्हणतात. जीपीएस आलं तरी त्यांनी ती पद्धत ठेवली, पहिला फूट वजा करतात. आता हिशेब करा, गाडी अर्ध्या जीने (जी म्हणजे गुरुत्वाकर्षणाचं त्वरण) सुटली तर पहिले ३० सेंटिमीटर जायला ०.३५ सेकंद लागतात आणि तोवर तिचा वेग ताशी ६ किलोमीटर झालेला असतो. ०.९ जीने सुटली तर ०.२६ सेकंद. म्हणजे जी गाडी जागेवरून सावकाश सुटते तिला रोलआउटमध्ये जास्त सूट मिळते. ज्या मासिकात रोलआउट वजा नाही त्याचा आकडा आणि ज्यात आहे त्याचा आकडा शेजारी शेजारी ठेवून काही अर्थच नाही, आणि लोक रोज तेच करतात.

दुसरी गोष्ट, ६० मैल की १०० किलोमीटर. ६० मैल म्हणजे ९६.६ किमी, फरक साडेतीन किलोमीटरचा, क्षुल्लक वाटतो ना? आता गिअर बघा. एमएक्स-५ चा दुसरा गिअर २.९९१, फायनल ड्राइव्ह २.८६६, टायर २०५/४५-१७. कागदावर ६८०० आरपीएमला ताशी ९२ किमीचा वेग येतो आणि ७५०० ला १०१ चा. म्हणजे २०१९ च्या आधीच्या, ६८०० ला थांबणाऱ्या दोन लिटर गाडीला ६० मैलाच्या आतच तिसरा टाकावा लागायचा, धागाकर्त्याच्या गाडीला कागदावर शंभरपर्यंत टाकावा लागत नाही. जीआर८६ मॅन्युअलचा दुसरा २.१८८, फायनल ४.१, टायर २१५/४०-१८, तिथे ७५०० ला ९९ येतात. म्हणजे ६० मैलाच्या टेस्टमध्ये ती दुसऱ्यातच सुटते आणि १०० किलोमीटरच्या टेस्टमध्ये एका किलोमीटरसाठी गिअर बदलावा लागतो. एका बदलात तीन-चार दशांश सहज जातात. गाड्या त्याच, रस्ता तोच, फक्त मोजायचं एकक बदललं की दोघींमधलं अंतर बदलतं.

छप्परउघडा
हे मला माहीतच नव्हतं. २०१९ ला रेडलाइन (इंजिन फिरायची कमाल हद्द) वाढवली ती फक्त जास्त पॉवरसाठी असं वाटत होतं मला.

स्टॉपवॉच
पॉवर वाढलीच, पण दुसरा गिअर शंभरच्या पुढे जाणं हा आकड्यांच्या दृष्टीने मोठा फायदा आहे. आणि अजून एक, वजन. तुमची १०६५ किलो धरा आणि जीआर८६ ची १२७५. पॉवर १८१ आणि २२८. टनामागे एचपी काढले तर १७० आणि १७९. आता दोन्हीत ८० किलोचा ड्रायव्हर बसवा, १५८ आणि १६८. अजून एक माणूस बसवा, १४८ आणि १५९. हलक्या गाडीवर प्रत्येक माणसाचा भार जास्त पडतो. टेस्टच्या वेळी शेजारी फोटोग्राफर बसला होता का, टाकी भरलेली होती का, हे मासिकात कधी छापून येत नाही.

निळी_जुळी
बीआरझेडची मालकीण बोलतेय. आमची दुसरी आली आणि त्यावर कोणी काहीच बोलत नाहीये :)

मी त्या लेखात पहिल्यांदा काय बघितलं सांगू? फोटोतली चाकं. जीआर८६ आणि बीआरझेड या जुळ्या, मुळात एकच गाडी, आणि दोन्ही दोन प्रकारच्या चाकांवर मिळतात, १७ इंचीवर मिशेलिन प्रायमसी आणि १८ वर मिशेलिन पायलट स्पोर्ट ४. प्रायमसी हा मुळात शांत, टिकाऊ टायर आहे, पहिल्या पिढीलाही तोच होता आणि मुद्दाम होता, म्हणजे कमी वेगातही मागचा भाग सरकवता यावा. पायलट स्पोर्ट ४ ची पकड त्याच्यापेक्षा कितीतरी जास्त. त्या लेखात जुळ्या दोघी पायलट स्पोर्टवर आहेत आणि एमएक्स-५ तिच्या नेहमीच्या ब्रिजस्टोन पोटेन्झा एस००१ वर, रुंदी २०५. गोल चकरा मारून पकड किती जीची ते मोजतात ना त्या आकड्यात मुख्यतः टायरच बोलतो. मग लिहायचं काय, तर या गाडीची पकड कमी. अहो टायरची कमी आहे!

आणि जीआर८६ आणि बीआरझेडमधला फरक लोकांना हवेतला वाटतो पण तो आहे. माझ्या गाडीची पुढची स्प्रिंग जीआर८६ पेक्षा कडक आहे आणि मागची मऊ. टोयोटाने उलट केलंय. म्हणून त्यांची मागून लवकर फिरते आणि माझी वळणात शिरताना जास्त स्थिर राहते. एका मासिकात बीआरझेड जिंकते आणि दुसऱ्यात जीआर८६ तेव्हा मला काही नवल वाटत नाही, एकाने मोकळा ट्रॅक घेतलेला असतो आणि दुसऱ्याने खडबडीत घाटरस्ता. त्या दिवशी पाऊस पडून गेला असेल तर उत्तर अजून बदलतं.

व्हीटेक_नऊहजार
ताई टायरच्या मुद्द्याला +१०००. माझ्याकडे होंडा एस२००० आहे, पहिल्या पिढीतली, दोन लिटर, २४० एचपी, ९००० ची रेडलाइन. हल्ली जुनी विरुद्ध नवी अशा तुलना खूप येतात आणि त्यात एस२००० ला आणून उभं करतात आणि मग लिहितात की मागून अचानक सुटते, भीती वाटते. ही गाडी ब्रिजस्टोन एस-०२ या एका टायरभोवती बांधली होती, पुढे २०५ मागे २२५, सोळा इंची. तो टायर आता मिळत नाही. टेस्टसाठी आणलेल्या वीस वर्षं जुन्या गाडीवर कोणता टायर आहे, तो किती वर्षांचा आहे, सस्पेन्शनचे बुश (सांध्यांतले रबर) बदललेत का, अलाइनमेंट कधी केलं, यातलं एक अक्षर लेखात नसतं. मागच्या चाकाचा टो (चाक आत-बाहेर वळलेलं असण्याचा कोन) सस्पेन्शन दबताना बदलतो हे खरं आहे, २००४ ला होंडाने ते कमी केलं हेही खरं. पण एक ढिला बुश आणि दगड झालेला टायर घेऊन कुठलीही गाडी सुटेल.

आणि टॉर्क कमी, टॉर्क कमी! अहो २०८ न्यूटन मीटर ७५०० ला येतो, तिथपर्यंत नेलंच नाही तर कुठून येणार. ६००० ला कॅम (इंजिनचे व्हॉल्व्ह उघडणारा भाग) बदलतो तेव्हा आवाज असा फाटतो की पाठीच्या कण्यातून कळतं. मी अजूनही दर वेळी, इतक्या वर्षांनी, तिथे हसतो. खरंच.

मागे_इंजिन
पोर्शे केमनवाला. आवाजाचा विषय निघालाच आहे तर माझंही ऐका. केमनची नवी पिढी ७१८ आली २०१६ ला आणि सहा सिलिंडरच्या जागी चार सिलिंडर टर्बो आलं. आकड्यात नवी गाडी जुनीपेक्षा जलद, सगळ्या तुलनांत जलद, आणि तरी लिहिणाऱ्या प्रत्येकाने आवाजाबद्दल हळहळ व्यक्त केली. मी चार सिलिंडरवालीच घेतली आहे आणि मला ती आवडते, मधल्या आरपीएमला जो जोर आहे तो जुनीत नव्हता. पण फ्रेंच अल्पिन ए११० बरोबर तुलना आल्या तेव्हा माझं मन पहिल्यांदा डगमगलं. ती अकराशे किलोच्या आसपास, माझी साडेतेराशे. १.८ लिटर, २५२ एचपी, माझ्यापेक्षा जवळपास पन्नास कमी. आणि ज्यांनी दोन्ही चालवल्या त्यांनी लिहिलं की खराब रस्त्यावर अल्पिन चाकं मोकळी सोडते आणि केमन रस्त्याला दाबून धरते. वाचून राग आला. मग एका ओळखीच्याची चालवली आणि कळलं की शब्दन् शब्द खरा आहे. तरी माझी विकली नाही, कारण अल्पिनला मॅन्युअल गिअर नाही आणि मला डाव्या पायाला काम हवंय.

मुद्दा असा की लेखातला नंबर मला काहीच सांगून गेला नाही, ते एक वाक्य सांगून गेलं.

पहिली_स्पोर्ट्सकार
मी नवीन आहे, या वर्षी घ्यायची आहे, आणि हे वाचून तर अजून गोंधळलो. मग मासिकं वाचायची की नाही? कोणाचा आकडा धरायचा?

मागे_इंजिन
वाचायची, भरपूर वाचायची. पण एकाच मासिकाचे आकडे त्याच मासिकाच्या आकड्यांशी लावायचे. कार अँड ड्रायव्हर २००६ पासून व्हर्जिनिया इंटरनॅशनल रेसवेवर त्याच ४.१ मैलांच्या ट्रॅकवर गाड्या पळवतंय, किमतीप्रमाणे गट पाडून, तो साठा सोन्यासारखा आहे. हवामान आणि टायर तिथेही बदलतात पण निदान ट्रॅक आणि पद्धत तीच. त्यांचाच अजून एक आकडा असतो, ताशी ५ मैलांवरून ६० मैलांपर्यंत. तो आवर्जून बघा, त्यात क्लच सोडून उडी मारायची सोय नसते. टर्बो गाडीचा हा आकडा आणि शून्यापासूनचा आकडा यात मोठं अंतर दिसलं तर समजा की रोजच्या रस्त्यावर ती छापलेल्या आकड्याएवढी जलद वाटणार नाही.

आणि कंपनीने स्वतः दिलेला लॅप टाइम तर अजूनच जपून. २००८ आठवतंय का कोणाला? निस्सानने सांगितलं जीटी-आरने जर्मनीतला नुर्बुर्गरिंग ट्रॅक ७ मिनिटं २९ सेकंदांत केलं. पोर्शेने स्वतः एक जीटी-आर विकत घेऊन पळवली आणि म्हणाले आम्हाला ७ मिनिटं ५४ लागली. पंचवीस सेकंदांचा फरक! एवढ्यात माणूस पाणी पिऊन येईल. पोर्शेला संशय टायरवर, निस्सान म्हणाले टायर नेहमीचेच. म्हणजे परत गाडी येऊन थांबली टायरवरच.

निळी_जुळी
@पहिली_स्पोर्ट्सकार, टेस्टची गाडी कोणत्या व्हेरियंटची आहे ते आधी बघ. एमएक्स-५ ला काही ठिकाणी ब्रेंबो ब्रेक, बीबीएस चाकं आणि रेकारो सीटचं पॅकेज मिळतं, आणि साध्या व्हेरियंटला मर्यादित स्लिपचं डिफरन्शियलही (एक मागचं चाक हलकं पडलं तरी दुसऱ्याला जोर पोचवणारं) नसतं. लेखातली गाडी आणि तू घेणार ती गाडी एकच आहे का, एवढं तपासलंस तरी अर्धा गोंधळ मिटेल.

बॉक्सरवाला
सगळं मान्य, पण आता मी जरा उलट बोलतो. आपण टायर, रोलआउट, एकक यांच्या मागे लपतोय असं वाटायला लागलंय. ज्याची गाडी हरली तो टायरवर जातो. छप्परउघडा, तुझी गाडी आठ-दहा वेळा ट्रॅकवर मी मागून बघितली आहे. ती झुकते म्हणजे झुकते, आतलं मागचं चाक हलकं पडलेलं दिसतं. २०२२ ला मझ्दाने वळणात आतलं मागचं चाक हलकेच ब्रेक करून अंग खाली ओढायची सोय दिली, ती उगाच नाही दिली.

छप्परउघडा
मग चालव. पुढच्या ट्रॅक डेला किल्ल्या बदलू, तू माझी सहा लॅप, मी तुझी सहा लॅप, आणि मग दोघांनी इथे येऊन लिहायचं, जे वाटलं ते.

बॉक्सरवाला
ठरलं.

छप्परउघडा
काल झालं. अजून हात शिवशिवताहेत म्हणून आत्ताच लिहितो.

आधी जीआर८६. तिसऱ्या गिअरमध्ये वळणातून बाहेर पडताना ३५०० ला पाय दिला आणि गाडी निघाली, सरळ निघाली, माझ्या गाडीत तिथे मला दुसरा लागतो. हे मला हवंय, खोटं कशाला बोलू. अंग जवळजवळ कलतच नाही. पण पहिल्या तीन लॅपमध्ये मी प्रत्येक वळणात फार सावकाश शिरत होतो, कारण वजन पुढच्या चाकावर कधी बसलं ते मला कळतच नव्हतं, ज्या खुणेची सवय आहे ती खूणच नाही. चौथ्या लॅपला समजलं की इथे खूण दुसरीकडे आहे, कंबरेत. वळणात शिरून पाय जरासा उचलला की मागचा भाग बोटभर फिरतो आणि सीटमधून कळतो. पाचवी आणि सहावी लॅप मी त्याच्यावरच केली. सहा लॅप संपल्या तेव्हा बाहेर यायची इच्छा नव्हती. ज्याने तुलनेत ही गाडी पहिली काढली त्याला काय दिसलं ते मला दिसलं.

बॉक्सरवाला
माझी बाजू. मी सहा फुटांच्या वर आहे. हेल्मेट घातल्यावर डोकं छताला टेकलं, मान तिरकी करून बसलो. स्टिअरिंग पुढे-मागे होतं म्हणून निभावलं, २०१९ च्या आधीच्या गाडीत फक्त वर-खाली व्हायचं, तिथे मला गुडघा कुठे ठेवायचा हा प्रश्न पडला असता. उंच टेस्टर या गाडीबद्दल वैतागून का लिहितात ते बसल्याबरोबर कळलं.

आता झुकण्याचं. पहिल्या दोन लॅपमध्ये प्रत्येक वळणात मला वाटलं की पुढचा टायर सोडतोय, आणि मी पाय उचलला. टायर सोडत नव्हताच. फक्त अंग कलत होतं, पकड शिल्लक होती, बरीच शिल्लक होती. माझ्या गाडीत एवढं अंग कललं तर ती हद्द असते, म्हणून पाय आपोआप उचलला जात होता. तिसऱ्या लॅपनंतर आत आलो तर छप्परउघडाने गेज लावलं, पुढचे टायर गार असताना २९ पीएसआय होते ते ३५ वर गेलेले, त्याने ३१ वर आणले, गेजमधून हवा सुटताना तो दर दोन सेकंदाला थांबून वाचत होता. मग परत गेलो आणि ठरवलं की कलू दे, पाय उचलायचा नाही. आणि पुढचं टोक असं चावलं वळणाला! कललं, बसलं, आणि मग अगदी घट्ट राहिलं. चौथ्या लॅपपासून मी अंगाकडे लक्षच दिलं नाही. तिसरा-चौथा गिअर टाकताना तर मनगटसुद्धा हलवावं लागत नाही, नुसती बोटं.

टेस्टरकडे एका गाडीला अर्धा दिवस असतो, तीन गाड्या, फोटो, पाऊस. मीसुद्धा दुसऱ्या लॅपला गाडीतून उतरलो असतो तर इथे येऊन लिहिलं असतं की फार झुकते.

छप्परउघडा
हे तू लिहिलंस यात मला सगळं मिळालं भावा. आणि मी कबूल करतो, तुझी गाडी लेखात लिहिली त्यापेक्षाही चांगली आहे.

व्हीटेक_नऊहजार
डोळ्यात पाणी आणलंत दोघांनी. पुढच्या वेळी माझी पण घ्या, फक्त टायर गरम झाल्याशिवाय पाय उचलू नका वळणात.

निळी_जुळी
माझ्याकडे १७ इंची प्रायमसीचा जुना सेट पडून आहे. बॉक्सरवाला, ती चाकं तुझ्या गाडीला जशीच्या तशी बसतात. पुढच्या वेळी सकाळी पायलट स्पोर्टवर सहा लॅप कर, दुपारी प्रायमसीवर सहा, आणि मग एमएक्स-५ च्या शेजारी ठेवून बघू काय उरतं.

बॉक्सरवाला
आण. जॅक आणि टॉर्क रेंच माझ्याकडे आहे.

स्टॉपवॉच
मी जीपीएस बॉक्स आणतो. रोलआउट बंद ठेवतो, टाकी सगळ्यांनी अर्धीच भरा, आणि शेजारच्या सीटवर कोणी बसणार नाही.